शेंडेनक्षत्र आणि माझी डायरी

नमस्कार श्रोतेहो.

म्हातारपणी झोप कमी होते म्हणतात. माझा अनुभव जरा निराळा आहे. झोप तेवढीच येते, फक्त नको तेव्हा येते. भर दुपारी पेपर तोंडावर पडतो आणि पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडे. त्या वेळी कुणाची झोपमोड न करता एकच गोष्ट करता येते. हळूच कडी काढायची, गच्चीवर जायचं, गार कठड्यावर कोपरं टेकवायची आणि वर बघत राहायचं. पूर्वीइतकं आकाश आता राहिलेलं नाही. रस्त्यावरच्या दिव्यांनी खालचा निम्मा भाग पुसून टाकलाय. उरलेल्या निम्म्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तारे पुन्हा टोकदार दिसायला लागले, एवढीच काय ती भरपाई.

अशाच एका पहाटे मनाशी हिशेब चालला होता. मला पंचाहत्तर पूर्ण झाली. हॅलेच्या धूमकेतूला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण ७५-७६ वर्षं लागतात. म्हणजे मी आता त्याच्या एका फेरीएवढा जगलो. झालं, १९८६ साल आठवलं.

काय आठवलं ते आधी सांगतो. मार्च महिना. पहाटेची वेळ. सात वर्षांची मुलगी शालीत गुंडाळून खांद्यावर घेतलेली. तिचं झोपाळू डोकं माझ्या मानेशी, शालीचं टोक माझ्या नाकाला हुळहुळतंय. मी आग्नेयेकडे बोट करून म्हणतोय, "ते बघ." आणि समोर तो! ठसठशीत डोकं, मागे लांबलचक पांढरी शेपटी, ओल्या पाटीवर खडू आडवा धरून फिरवावा तशी. मुलगी डोळे मोठ्ठे करून म्हणते, "दिसला, बाबा."

हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, गणती नाही. सांगून सांगून त्याला चांगली झिलई चढलेली आहे. मध्यंतरी असंच नातीला सांगत बसलो होतो. ती दहा वर्षांची आहे. तर तिची आई, म्हणजे तीच ती खांद्यावरची मुलगी, हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, त्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं."

"अगं, तूच म्हणालीस ना दिसला म्हणून?"

"म्हणाले. तुम्ही इतक्या हौसेनं उठवलं होतंत. मला परत झोपायचं होतं."

मग पुढे तिनं असंही सांगितलं की शेपटीवाला धूमकेतू आपण पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, संध्याकाळी. ती तेव्हा कॉलेजात जात होती. आई पण गच्चीवर होती. खांद्यावर बिंद्यावर कुणी नव्हतं. आतून बायकोचा आवाज आला, "बरोबर आहे तिचं." या घरात माझ्याविरुद्ध साक्षीदार कधी कमी पडत नाहीत.

आता माझ्याकडे एक हुकमी पान होतं. मी डायरी लिहितो. फार काही नसतं त्यात. कोण आलं, पाऊस पडला का, काय मोडलं, काय दुरुस्त केलं. कपाटाच्या वरच्या फळीवरून १९८६ची डायरी खाली काढली. कडा पिवळ्या, शाई फिकट, पण अक्षर माझंच. मार्चमधलं पान सापडलं : "पहाटे पावणेपाच. गच्ची. आग्नेयेला अगदी खाली पुसट ठिपका, कापसाच्या बोंडासारखा. शेपटी नाही. पोरीला दिसला म्हणाली. सायकल पंक्चर."

शेपटी नाही. स्वच्छ लिहिलेलं आहे. मग १९९७ची डायरी काढली. एप्रिल महिना : "संध्याकाळी वायव्येला धूमकेतू. काय दिसतोय! दुर्बिणीतून दोन शेपट्या, एक पांढरी, एक निळसर. तिघंही गच्चीवर. जेवायला उशीर."

हा हेल-बॉप. दोन अमेरिकन माणसांना तो १९९५च्या जुलैत एकाच रात्री वेगवेगळ्या ठिकाणी दिसला, म्हणून दोघांचं जोडनाव. जवळजवळ दीड वर्ष तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. हॅलेचं १९८६मध्ये नेमकं उलटं झालं. ९ फेब्रुवारीला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ आला, तेव्हा आपली पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या अंगाला. गेल्या दोन हजार वर्षांत त्यानं पृथ्वीवरच्या माणसांना इतकं वाईट दर्शन कधी दिलं नव्हतं. मार्चमध्ये 'ज्योत्तो' नावाचं यान त्याच्यापासून सहाशे किलोमीटरच्याही आत जाऊन आलं. त्याला दिसला कोळशाहून काळा, पंधरा किलोमीटर लांबीचा एक ओबडधोबड गोळा. मला गच्चीवरून कापूस दिसला, यात माझा तरी काय दोष?

दोष पुढचा. मी १९९७ची शेपटी कापली आणि १९८६च्या ठिपक्याला शिवली. तीही इतकी बेमालूम की शिवण मला स्वतःला सापडेना. डायरी पुढ्यात उघडी, अक्षर माझं, आणि डोळे मिटले की शालीतली मुलगी आणि शेपटी दोन्ही शेजारी शेजारी. अजूनही. मनाला कागद मान्यच नाही.

हे माझ्या एकट्याचं खूळ नसल्याचं नंतर वाचनात आलं. आणि योगायोग असा की तेही त्याच सालातलं. २८ जानेवारी १९८६ला 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं, सात माणसं गेली. त्या यानात हॅलेचं निरीक्षण करायचं एक उपकरणही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेत उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांना विचारलं, ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली ते लिहून द्या. अडीच-एक वर्षांनी त्यांच्यातल्या काहींना पुन्हा तेच विचारलं. बऱ्याच जणांची उत्तरं पहिल्या कागदाशी जुळेनात. खात्री मात्र पक्की. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी नवीच आठवण खरी वाटत राहिली. विशी-बाविशीतली पोरं होती ती. त्यामुळे हा वयाचा परिणाम आहे असं कुणी मला सांगू नये.

यावरून आजी आठवली. ती 'धूमकेतू' म्हणत नसे, 'शेंडेनक्षत्र' म्हणे. मला तोच शब्द जास्त आवडतो. धूमकेतू म्हणजे धुराचा झेंडा, जरा पुस्तकी वाटतो. शेंडेनक्षत्र म्हटलं की डोक्यावर शेंडी असलेला तारा समोर उभा राहतो. ग्रीकांनीही त्याला केसाळ ताराच म्हटलं होतं. केसच दिसले त्यांनाही!

आजीनं १९१०चा हॅले पाहिला होता, नऊ वर्षांची असताना. ती सांगायची, "अजून उजेड गेला नव्हता, तरी शेंडेनक्षत्र लखलख दिसत होतं. मी कुडकुडत अंगणात उभी. आणि लोक म्हणत होते, त्याच्या शेपटीतून विषारी वारा येणार, सगळे मरणार."

लहानपणी मी ही गोष्ट आ वासून ऐकली. डायरीचं प्रकरण झाल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. आजी कुडकुडत का होती? हॅलेची शेपटी पृथ्वीवरून गेली ती मे महिन्यात, १८-१९ तारखेच्या सुमारास. त्या शेपटीत सायनोजेन नावाचा विषारी वायू असल्याचं शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं, त्यावरून जगभर घबराट उडाली. कुठे लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या, कुठे धूमकेतूवरच्या गोळ्या खपल्या. शेपटी इतकी विरळ की कुणाला पत्ताही लागला नाही ती केव्हा येऊन गेली त्याचा. तेव्हा वाऱ्याची भीती मे महिन्यातली. पण त्याच १९१०च्या जानेवारीत आगाऊ सूचना न देता दुसराच एक धूमकेतू येऊन गेला होता. शुक्रापेक्षा तेजस्वी, भर दिवसा सूर्याच्या शेजारी दिसलेला. पुढे म्हातारपणी 'आम्ही हॅले पाहिला' म्हणून सांगणाऱ्या कितीतरी लोकांनी खरं तर तो जानेवारीतला पाहिलेला होता. आजीची थंडी जानेवारीतली, उजेड जानेवारीतला आणि भीती मेमधली. आमच्या घराण्याला शिवणकामाची देणगीच आहे म्हणायची. आजीला जाऊन साठ वर्षं होत आली. तिच्याकडे डायरी नव्हती आणि तिला खोडून काढायला समोर मुलगीही उभी राहिली नाही. सुखी बाई.

शिवणकामावरून आणखी एक. फ्रान्समधल्या बायो नावाच्या गावचा एक भरतकामाचा पट आहे, सुमारे सत्तर मीटर लांब, साडेनऊशे वर्षं जुना. इंग्लंडवर नॉर्मन लोकांनी १०६६ साली स्वारी केली, त्याची गोष्ट लोकरीच्या धाग्यांनी काढलेली आहे. त्यात एका जागी पाच-सहा माणसं माना वर करून बोटं दाखवतायत आणि वर कोपऱ्यात धूमकेतू. तो आपलाच, हॅलेचा. शेजारी हॅरॉल्ड राजा सिंहासनावर नुकताच बसलेला. पाहणाऱ्याला वाटावं, राज्याभिषेक झाला आणि लगेच अपशकुन. प्रत्यक्षात राज्याभिषेक ६ जानेवारीचा आणि धूमकेतू दिसला एप्रिलच्या अखेरीस. ऑक्टोबरात राजा लढाईत पडला. भरत होते त्यांना शेवट ठाऊक होता, तेव्हा मधले साडेतीन महिने टाक्याखाली गेले. मला त्या पटाची छायाचित्रं पाहताना त्या अनोळखी हातांबद्दल एकदम आपुलकी वाटली. म्हटलं, तुम्ही आमच्यातलेच.

या सगळ्यात पक्का माणूस एकच, स्वतः हॅले. एडमंड हॅलेनं हा धूमकेतू पाहिला १६८२ साली, वय पंचवीस. पण तो स्वतःच्या आठवणीवर विसंबला नाही. १५३१ आणि १६०७ची लोकांनी लिहून ठेवलेली टिपणं काढली, आपल्या निरीक्षणाशेजारी ठेवली, मार्ग ताडून पाहिले आणि म्हणाला, हे तीन नाहीत, हा एकच आहे, १७५८च्या सुमारास परत येईल. तोवर आपण नसणार हे त्याला कळत होतंच. १७४२मध्ये तो गेला. १७५८च्या नाताळच्या रात्री जर्मनीतल्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला, ज्याला आकाशाचा नाद होता, तो दिसला. मला का कोण जाणे, हॅलेपेक्षा या पालिचचा हेवा वाटतो.

आता तो कुठे आहे म्हणाल, तर नेपच्यूनच्याही पलीकडे. सूर्यापासून आपण जेवढे लांब, त्याच्या पस्तीसपट लांब. सूर्याजवळ सेकंदाला चोपन्न किलोमीटर धावणारा गडी तिथे पोचेपर्यंत एक किलोमीटरच्याही खाली येतो. ९ डिसेंबर २०२३ला तो आपल्या वाटेच्या टोकाला पोचला आणि वळला. तेव्हापासून तो आपल्याकडे यायला निघालाय. मी काय करत होतो त्या दिवशी? डायरी काढून पाहिली. "गुडघा. दिवसभर घरी."

पंच्याहत्तर वर्षांच्या फेरीत तो आपल्या नजरेत येतो तो जेमतेम काही महिने, बाकी सगळा अंधार. माझ्याही आठवणींची तीच तऱ्हा. पंधरा ते पंचवीस या वयातलं सगळं लख्ख. शाळेच्या बाकावर कुणी काय कोरलं होतं तेसुद्धा. पन्नाशीनंतरची वर्षं मात्र एकात एक मिसळून गेलीयत. हे बहुतेक म्हाताऱ्यांचं असंच असतं असं म्हणतात.

तो पुन्हा सूर्याजवळ येईल जुलै २०६१मध्ये. या वेळी पृथ्वी बरोबर बाजूला असेल, चांगला दिसणार आहे. नात तेव्हा शेहेचाळीस वर्षांची असेल. मी तिला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "पण मला आत्ताच बघायचाय."

आत्ता बघण्यासारखं एकच आहे. हॅले आपल्या वाटेवर धूळ सांडत जातो. पृथ्वी त्या धुळीतून दर वर्षी ऑक्टोबरात जाते, तेव्हा मृग नक्षत्राच्या वरच्या अंगानं उल्का पडताना दिसतात. २१-२२ तारखेच्या आसपास, मध्यरात्रीनंतर. सेकंदाला सहासष्ट किलोमीटरच्या वेगानं येतात, त्यामुळे रेघ उमटते न उमटते तोच संपते. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं गच्चीवर सतरंजी टाकून उताणे पडलो. तिनं माझीच शाल ओढून घेतली होती. बराच वेळ काही नाही. मग ती एकदम उठून बसली.

"आजोबा, तो! तो बघा! दिसला?"

मी तेव्हा कुशीला वळून गुडघा चोळत होतो.

"दिसला," मी म्हटलं.

खाली आल्यावर दिवा लावून डायरीत लिहिलं : "रात्री दोन ते तीन. गच्ची. नातीला तीन दिसले. मला एकही नाही. दिसला म्हणालो."

नमस्कार.