पहिली रात्र पुच्चिनींची

मिलान, २५ एप्रिल १९२६. 'ला स्काला' थिएटर खच्चून भरलंय. इटालियन संगीतकार पुच्चिनींच्या 'तुरांदोत' या ऑपेराचा, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाचा, पहिलाच प्रयोग. तिसऱ्या अंकात लिऊ नावाची दासी जीव देते, तिचं पार्थिव उचलून लोक निघतात, सूर विरत जातात... आणि कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, हातातली छडी, बॅटन, खाली ठेवतो. प्रेक्षकांकडे वळून सांगतो, की ऑपेरा इथेच संपतो, कारण इथवर लिहून पुच्चिनी गेले. दुसऱ्या संगीतकारानं रचलेला शेवट तयार होता. तो पुढच्या प्रयोगात वाजला. पहिली रात्र मात्र पुच्चिनींचीच.

हे कंडक्टर म्हणजे आर्तुरो तोस्कानिनी. जन्म १८६७, गाव पार्मा. मुळात चेलोवादक. १८८६ मध्ये ऑपेरा कंपनी ब्राझीलमध्ये रिओला गेली असताना 'आइदा' या ऑपेराच्या वेळी कंडक्टरवरून गोंधळ उडाला आणि ऐनवेळी या १९ वर्षांच्या पोराला पुढे केलं. नजर अधू, म्हणून सगळं संगीत तोंडपाठ. अख्खा ऑपेरा त्यानं वही न बघता पार पाडला.

१८९८ मध्ये ला स्कालाची सूत्रं हाती आली. त्यांनी प्रेक्षागृहातले दिवे मालवले, बायकांना हॅट काढायला लावल्या. पुढे वादकांची जागाही रंगमंचासमोर खाली खोलात गेली. आणि 'वन्स मोअर' बंद!

बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअर देत पहाट करणाऱ्या रसिकांचे आपण वारस. आपल्याला हे जाचकच वाटणार. मिलानकरांनाही वाटलं. १९०३ मध्ये संगीतकार व्हर्दींच्या एका ऑपेरात टेनरला, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या गायकाला, वन्स मोअर मिळावा म्हणून गलका झाला, थांबेना. तोस्कानिनी थिएटर सोडून गेले, ते १९०६ मध्ये परतले. मला त्यांचं पटतं. वन्स मोअरला गायक जिंकतो, पण पात्र तिथेच मरतं.

सत्तेपुढेही ते असेच ताठ. १९३१ मध्ये बोलोन्यात फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार दिला, तर भर रस्त्यात थोबाडीत खाल्ली. १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतलं बायरॉइट संगीत महोत्सवाचं निमंत्रण नाकारलं. १९३६ च्या डिसेंबरात तेल अवीवला मात्र आपणहून गेले. युरोपातून परागंदा झालेल्या ज्यू वादकांचा नवा वाद्यवृंद होता तो. मानधन घेतलं नाही. त्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी पुढे कित्येक दशकं तोच वाद्यवृंद सांभाळला.

युद्धात बॉम्ब पडून ला स्काला उद्ध्वस्त झालं. डागडुजी होऊन ११ मे १९४६ ला दारं उघडली, तेव्हा बॅटन ७९ वर्षांच्या तोस्कानिनींच्या हातात होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर चौकात लाऊडस्पीकर लावले होते, आणि माणसं उभ्यानं ऐकत होती.