सतरावी मात्रा

(दृश्य : सोलापूर, सकाळचे सात. लाकडी फळ्यांच्या जमिनीची वर्गखोली. कोपऱ्यात तबला, दाराशी चपलांची रांग.)

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो, म्हणून कथकचा वर्ग सकाळीच.

तीनताल. मात्रा १६, चार-चार मात्रांचे चार विभाग. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली, म्हणजे टाळीऐवजी नुसता हात उघडणं, नवव्या. हे लवकर पाठ होतं. गाडी अडते ती तिहाईत, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर, पहिल्या मात्रेवर, येण्यात.

पाच मात्रांचा एक तुकडा घ्या. तो म्हणा, एक मात्रा थांबा, पुन्हा म्हणा, पुन्हा एक मात्रा थांबा, तिसऱ्यांदा म्हणा. पाच त्रिक पंधरा आणि मधल्या दोन, झाल्या सतरा. आवर्तन सोळाचं, तेव्हा सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. शेवटचा ‘थेई’ तिथेच पडायला हवा. घाईत मधल्या दोन्ही मात्रा गिळल्या, तर तो पंधरावीवरच पडतो.

म्हणून आधी पढंत. हातावर टाळी-खाली, तोंडी बोल, पाय स्थिर. इथे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या मराठी. बोल सगळ्यांचे एकच.

(दृश्य : पावलं, जवळून.)

मग पाय. तत्कारात, म्हणजे पायांनी बोल वाजवताना, तळवा सपाट पडतो. पाऊल फार उंच उचललं तर ते उशिरा पोचतं आणि लय वाढली की बोल पुसट होतात. गुडघे ताठ धरले तर हादरा नडगीत आणि कमरेत जातो. सिमेंटवर रोज तासभर असा सराव केला, तर नडगी दुखायला लागते. नवख्याला एका पायात ५० घुंगरू पुष्कळ. १०० चं वजन पेलायला आधी घोटा तयार व्हावा लागतो, त्यात घाई नको.

पुढे हीच तिहाई दुसऱ्याला शिकवायची असते. मुलांकडे तोंड करून उभं राहिलात, तर त्यांच्या उजव्यासाठी तुमचा डावा हात. चक्कर मात्र पाठमोरं उभं राहून दाखवावी, नाहीतर निम्मा वर्ग उलटा फिरतो. नव्या शिक्षकाची नेहमीची चूक म्हणजे सतत मोठ्याने मोजणं. मुलं तालाऐवजी त्याच्या आवाजावर नाचू लागतात आणि मोजणी थांबली की तुकडा विस्कटतो. दोन आवर्तनं मोजून द्या, तिसऱ्याला नुसता लेहरा, म्हणजे आवर्तनाची परत परत वाजणारी धून, ठेवा. कोणाला ताल कळलाय ते तिथेच दिसतं.

(दृश्य : हुतात्मा स्मृती मंदिर, रिकामा रंगमंच.)

वर्गात तबला हाकेच्या अंतरावर असतो. मोठ्या रंगमंचावर मुख्य स्पीकरची तोंडं प्रेक्षकांकडे. नाचणाऱ्याला ऐकू येतो तो बराचसा प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज. भिंत २० मीटरवर असेल, तर तो सेकंदाच्या साधारण आठव्या भागाइतका उशिरा येतो. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत ही जवळपास अर्धी मात्रा झाली. तालमीत चोख आलेली सम इथे चुकते ती बहुतेकदा यामुळेच. विंगेत मॉनिटर, म्हणजे नाचणाऱ्याकडे तोंड असलेला, स्पीकर मागून घ्या, आणि साउंड चेक घुंगरू बांधूनच करा.

प्रकाशाचंही तसंच. नुसत्या समोरच्या दिव्यांनी शरीर सपाट दिसतं. हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, आणि कमरेचा बाक उठून दिसतो तो विंगेतल्या आडव्या प्रकाशात. लाल पोशाखावर गडद निळा प्रकाश टाकला, तर तो काळा दिसतो. रंगीत तालमीत प्रत्येक पोशाख दिव्याखाली तपासावा.

क्यू शीटवर, म्हणजे प्रकाश कधी बदलायचा त्याच्या यादीवर, मिनिटं लिहून भागत नाही. साथ जिवंत असेल तर लय दर प्रयोगात थोडी हलते, म्हणून क्यू मात्रांवर लिहायचा. दिवे चालवणाऱ्याला तिहाईच्या आधीच्या आवर्तनात ‘स्टँडबाय’, म्हणजे तयार राहा. ‘गो’ समेवर म्हटलं, तर हात बटणापर्यंत जाईस्तोवर प्रकाश मागे पडतो. द्रुत लयीत ते सोळाव्या मात्रेवर म्हणावं लागतं. ती सोळावी मात्रा ज्याला अंगातून कळते, असाच विद्यार्थी हेडफोन घालून विंगेत बसवावा.

(दृश्य : अंधार. पढंतीचा आवाज. ‘गो’. ‘थेई’वर उजेड.)