मऊ तुकडा: पॉलिएस्टर की पीव्हीसी?

(दृश्य: हिऱ्याच्या स्फटिकावर पारदर्शक तुकडा, वरून खाली येणारा दाबाचा दांडा)

तुकडा पारदर्शक, मऊ, बोटांना किंचित तेलकट. कशाचा आहे, ते एफटीआयआरवर, म्हणजे नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर पाहू. आधी स्फटिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच बॅकग्राउंड, म्हणजे रिकाम्या स्फटिकाचे मोजमाप, घ्यायचे. ओला असताना घेतले, तर अल्कोहोलची शिखरे वर्णपटात उलटी उमटतात. तुकडा घट्ट दाबायचा, कारण किरण नमुन्यात जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर शिरतात. रिझोल्यूशन 4 प्रति सेंटीमीटर, स्कॅन 32; एवढे पुरते.

(दृश्य: पडद्यावर वर्णपट, 4000 पासून उजवीकडे सरकणारी रेघ)

आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटीमीटर. 3300 च्या आसपास काहीच नाही. नायलॉन आणि सेल्युलोज इथेच बाद. 2350 जवळची जोडी खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडची, ती सोडून द्यायची. 1722 ला मात्र उंच शिखर: एस्टरचा कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध. संगणकातली लायब्ररी, म्हणजे ओळखीच्या वर्णपटांचा साठा, अशा वेळी पॉलिएस्टर सुचवते, आणि इथेच बरेच जण फसतात.

बाटल्यांच्या पेटची, म्हणजे नेहमीच्या पॉलिएस्टरची, शिखरे साधारण 1715, 1245, 1095 आणि 725 ला येतात. इथे आहेत 1270, 1120, 1070 आणि 743. शिवाय 1600 आणि 1580 ची ती बुटकी जोडी पाहा. उंचीने जवळजवळ सारखी. ती ऑर्थो-थॅलेटची खूण. थॅलेट म्हणजे प्लॅस्टिक नव्हे, प्लॅस्टिक मऊ करायला त्यात मिसळलेला तेलकट द्रव. मूळ पॉलिमर त्याच्याआड दडलाय.

मग हे तेल काढूनच टाकू. तुकड्याचे बारीक काप, 2 मिलिलिटर हेक्सेन, रात्रभर. कुपी काचेचीच हवी. प्लॅस्टिकची घेतली, तर तिच्यातलेही काहीबाही हेक्सेनमध्ये उतरते.

(दृश्य: फ्यूम हूडखाली काचेच्या बशीत उरलेला थेंब)

हेक्सेन उडून गेले की तेलकट थेंब उरतो. त्याचा वर्णपट निव्वळ थॅलेटचा. काप वाळवून पाहिले, तर ते कडक झालेत. त्यांच्यातले 1722 खाली बसले आणि 1425, 1330, 1250, 960 स्पष्ट झाली. 690 ते 610 मधला रुंद पट्टा कार्बन-क्लोरीन बंधाचा. म्हणजे हे पीव्हीसी. 1425 फारच पसरट असेल आणि 875 ला टोकदार काटा दिसला, तर आत कॅल्शियम कार्बोनेटची भुकटीही भरलेली आहे.

थॅलेट नेमके कोणते, हे मात्र इथे ठरत नाही. डीईएचपी आणि डीआयएनपी या दोन थॅलेटांचे वर्णपट जवळपास सारखेच. तो थेंब जीसी-एमएसकडेच, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राकडेच, पाठवायचा.