चिलटाच्या मेंदूचा नकाशा

केळी जरा जास्त पिकली की भोवती चिलटं, म्हणजे फळमाश्या, जमतात ना, त्यांच्याच मेंदूवर मी पोस्टडॉक करते. "पीएचडी झाली, मग अजून काय शिकतेस?" हा प्रश्न घरी दर दिवाळीला होतो, तेव्हा तो तुम्ही विचारू नका!

हा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान. त्यातल्या पेशींचे काही फाटे ५० नॅनोमीटरहूनही (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारीक असतात, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाची मजल जेमतेम २०० नॅनोमीटरपर्यंत. म्हणून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. व्हर्जिनियातल्या जनेलिया संशोधन केंद्रात एका मादीचा, हो, एकाच मादीचा मेंदू ऑस्मियम या जड धातूने रंगवला, राळेत घट्ट बसवला आणि हिऱ्याच्या सुरीने त्याचे ४० नॅनोमीटर जाडीचे सात हजार काप केले. फोटो निघाले दोन कोटींवर. दुसऱ्या पद्धतीत काप करतच नाहीत. आयनांच्या झोताने वरचा थर खरवडायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा खरवडायचं. मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण चित्र तिन्ही दिशांनी सारखंच स्पष्ट येतं. मात्र खरवडलेलं गेलं ते गेलंच.

खरी कसोटी फोटोंनंतर लागते. पडद्यावर सगळा करडा पसारा दिसतो. मध्येच एका पेशीत इंग्रजी 'टी'च्या आकाराचा गडद डाग, त्याला खेटून बारीक पुटिका (रसायनांच्या इवल्या पिशव्या), आणि समोर वेगवेगळ्या पेशींची चार-पाच टोकं. हा सिनॅप्स, म्हणजे एका पेशीकडून दुसरीला निरोप जाण्याची जागा. माशीची पेशी एकाच जागेवरून अनेकींना निरोप देते. ती घेणारी टोकंच सगळ्यांत बारीक, आणि फोटोंतून पेशींचे धागे जुळवणारा संगणक चुकतो तोही तिथेच: एकीचा धागा दुसरीला जोडतो, नाहीतर अर्ध्यावर सोडून देतो. मग माणसानं बसून एकेक धागा तपासायचा. त्या मादीच्या फोटोंवरून नकाशा करणाऱ्या, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या फ्लायवायर प्रकल्पात या तपासणीला एकूण सुमारे ३३ मनुष्यवर्षं लागली. ऑक्टोबर २०२४मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी, पाच कोटींवर सिनॅप्स. बातम्यांत श्रेय कृत्रिम बुद्धिमत्तेलाच जास्त मिळालं. असो.

त्याचा उपयोग काय? मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात वास नि चव ओळखण्यात गडबड असलेल्या माश्या शोधून काढल्या होत्या. चवीचा निरोप मेंदूत पुढे कुठे जातो, हे आता तार धरून पाहता येतं. या नकाशावरून बनवलेल्या संगणकीय मेंदूत गोड ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या, तर सोंड बाहेर काढणाऱ्या पेशीही जाग्या झाल्या. त्यातले बरेच अंदाज जिवंत माशीतही खरे ठरले.

पण भुकेली माशी साखरेवर तुटून पडते, पोट भरलेली ढुंकूनही पाहत नाही. हा फरक बऱ्याच अंशी मेंदूत पसरणाऱ्या रसायनांचा, आणि ती कुठवर पोचतात हे या फोटोंतून कळत नाही. त्यासाठी आम्हाला पुन्हा जिवंत माशीच उपाशी ठेवावी लागते.