पहिला कॅमेरा आणि माझी अस्पष्ट भाची

‘पहिला डीएसएलआर आणि त्याच्या लेन्स कशा निवडाव्यात’ हा विषय मीच दिलाय, तेव्हा तक्रारीला जागा नाही. (डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, ज्यात आतल्या आरशामुळे लेन्समधलंच दृश्य डोळ्याला दिसतं.) पण आधीच सांगून टाकतो, ‘कुठला कॅमेरा घेऊ?’ या प्रश्नाला मी आजवर कुणालाही सरळ उत्तर दिलेलं नाही. मी उलटा प्रश्न टाकतो, फोटो कसले काढणार? त्यावर हमखास उत्तर येतं, ‘सगळेच.’ सगळेच म्हणणाऱ्या माणसाचा कॅमेरा वर्ष-दोन वर्षांत कपाटात जातो. माझाही गेला होता.

इथे कुणाकुणाकडे कॅमेरा आहे? हात वर करा. वा, बरेच आहेत. आता गेल्या महिन्यात ज्यांनी त्यातून एक तरी फोटो काढला, त्यांनीच हात वर ठेवा. असू द्या, असू द्या, हळूच खाली घ्या, मी नावं लिहून घेत नाहीये.

तर माझा पहिला कॅमेरा मी मेगापिक्सेल मोजून घेतला. त्या आकड्यावर माझा जुना राग आहे. सहा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ३००० गुणिले २००० ठिपके. चोवीसचा म्हणजे ६००० गुणिले ४०००. ठिपके चौपट झाले, पण रुंदी दुप्पटच. इंचाला ३०० ठिपके धरून छापलं, तर पहिला दहा इंच रुंद येतो आणि दुसरा वीस. आता मला सांगा, वीस इंची फोटो छापून भिंतीवर लावलाय असं इथे कोण आहे? आपण तो फोनवर पाठवतो, तिथे तो दाबून चेपून जातो, आणि समोरचा अंगठा दाखवतो. तरीही नवा कॅमेरा हातात दिसला की पहिला प्रश्न, ‘किती मेगापिक्सेल?’

असो. भाचीकडे येतो. भाचीचा नाच होता. मी तिसऱ्या रांगेत, कॅमेऱ्यावर सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स (हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), सगळं ऑटोवर. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर फोटो झकास दिसत होते. दोन इंची पडद्यावर सगळ्यांचेच दिसतात. घरी संगणकावर उघडले, तर मागचा पडदा लख्ख, तबल्यावरची वेलबुट्टीसुद्धा मोजता येईल अशी, आणि मधोमध भाची म्हणजे एक रंगीत ओघळ. बहीण बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘दादा, हिला हात किती आहेत रे?’

मी काय निष्कर्ष काढला? लेन्स लांबचं ओढत नाही! म्हणून ७०-३००ची झूम घेतली. चांगली हातभर दिसते, आजूबाजूचे लोक आपोआप वाट देतात. पुढच्या वर्षी तेच सभागृह, तीच रांग, तीच भाची. आधी ती लांबून अस्पष्ट होती, आता जवळून अस्पष्ट आली. कारण लेन्स जितकी लांब, तितकी हाताची थरथरही मोठी होऊन दिसते. कॅमेरा कपाटात गेला तो तेव्हा.

तो बाहेर काढला एका जुन्याजाणत्या छायाचित्रकाराने. त्यांनी फोटो बघितलाच नाही, फोटोची माहिती उघडली. पहिल्या वर्षीच्या फोटोवर लिहिलं होतं, ५५ मिलिमीटर, एफ ५.६, शटर एक पंधरांश सेकंद उघडं. ‘एवढ्या वेळात तिचा हात कुठल्या कुठे जातो,’ ते म्हणाले, ‘कॅमेऱ्याने जे झालं तेच दाखवलंय.’ मग त्यांनी माझ्या हातात ही लेन्स ठेवली. हीच ती, ५० मिलिमीटर, एफ १.८, मुठीत मावते. हिला अ‍ॅपर्चरची, म्हणजे आतलं भोक लहानमोठं करायची, रिंग आहे, म्हणून आज आणली. पुढच्या रांगेतल्यांनी आरपार बघा. ही एफ ५.६ वर आहे. आतलं भोक शर्टाच्या बटणाएवढं, नऊ-दहा मिलिमीटर. आता फिरवतो, टक, टक, टक… आणि हे १.८. जवळजवळ २८ मिलिमीटर. फोकल लेंथला या आकड्याने भागायचं, की भोकाची रुंदी येते. म्हणून आकडा लहान तितकं भोक मोठं. हे एवढं सोपं मला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. किंवा माहितीपत्रकात होतं आणि मी मेगापिक्सेल वाचत होतो.

प्रकाश किती वाढला? नऊपटीहून जास्त. म्हणजे जिथे शटर एक पंधरांश होतं, तिथे जवळपास एक दीडशांश. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, दुप्पट केलं की एक तीनशेअंश. तिसऱ्या वर्षी भाचीला दोनच हात होते. चित्रात ती लहान आली, कापून मोठी करावी लागली, पण तेच फोटो बहिणीने फ्रेम केले. (जवळून चेहरा काढताना मात्र १.८ सांभाळून. नाक धारदार येतं आणि कान विरघळतात.)

आणि आता माझा लाडका मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी आलोय. किट लेन्सला नावं ठेवू नका, तिच्याकडून काम करून घ्या. तीन महिने फक्त तीच वापरा. मग आवडलेले शंभर फोटो बाजूला काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ कागदावर मांडा. दुसरी लेन्स कुठली घ्यायची, ते त्या कागदावरच लिहिलेलं असतं. माझे निम्मे ३० ते ४०च्या मध्ये निघाले. म्हणजे मला ३५ची हवी होती, आणि घेऊन बसलो होतो ३००ची! सगळे फोटो ५५ला आदळत असतील, तर लांबची लेन्स घ्या. पण त्याआधी चार पावलं पुढे जाऊन बघा, फुकट असतं.

चिठ्ठी आलीये. पाच मिनिटं. बरं, मग जाहीर केलेलं व्याख्यान आता सुरू करतो.

मिररलेसच्या, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, दिवसांत डीएसएलआर कशाला? कॅनन आणि निकॉन या दोघांचेही शेवटचे सर्वांत वरचे डीएसएलआर २०२०चे, पुढे सगळा जोर मिररलेसवर आहे. म्हणूनच वापरलेल्या बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्स भरपूर सुटल्यात, आणि शिकायला त्या उत्तम. बॉडीबरोबर माउंट, म्हणजे लेन्स अडकवायचा सांधा, येतो आणि तो वर्षानुवर्षं गळ्यात राहतो. निकॉनचा एफ १९५९चा, कॅननचा ईएफ १९८७चा. तेव्हा मित्राकडे ज्या माउंटच्या लेन्स असतील तो घ्या, उसन्या मिळतात.

सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा तुकडा. पहिला कॅमेरा बहुधा एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा असेल. फुल फ्रेम ३६ गुणिले २४ मिलिमीटर, हा त्याहून लहान, त्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात. म्हणून फोकल लेंथ निकॉनवर दीडपट, कॅननवर १.६पट धरा. ३५ची लेन्स साधारण पन्नाशीसारखी दिसते. पुढे फुल फ्रेम घ्यायचा विचार असेल, तर कॅननची लहान सेन्सरसाठीची ईएफ-एस लेन्स त्यावर बसतच नाही, हे आजच लक्षात ठेवा.

मोटर. कॅननच्या ईएफ ऑटोफोकस लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर लेन्सच्या पोटात असते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींना फोकसची मोटर नाही. पोटात मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स बसेल, फोटो येईल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. एएफ-एस लिहिलेली, म्हणजे पोटात मोटर असलेली, बघून घ्या.

वापरलेला घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारा. सुरुवातीच्या बॉडींचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने केलेलं असतं. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. ट्रायपॉड, फ्लॅश, रॉ… रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, एवढंच सांगतो, का ते चहाला विचारा.

आणि व्ह्यूफाइंडर, डोळा लावायची खिडकी! तो राहूनच जात होता. या दोन बॉडी फिरवतोय. हलकीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आरसे आहेत, जडच्या काचेचा प्रिझम. दोन्हींतून दाराकडे बघा. कुठली खिडकी मोठी आणि उजळ दिसते ते तुम्हीच सांगा. विकत घेण्याआधी दुकानात हेच करायचं. डोळ्याला लावा, हातात धरून बोटं पुरतात का बघा. पट्टा आधी गळ्यात घाला, मग बघा. काय म्हणता काकू, काहीच दिसत नाही? झाकण, काकू. पुढचं झाकण काढा.