बंदूक कंपनीला कोर्टात का खेचता येत नाही?

नमस्कार मंडळी. जुलै २०१२. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ऑरोरा शहरात, सिनेमागृहात गोळीबार झाला आणि १२ माणसं गेली. त्यात मुलगी गमावलेल्या एका आईवडिलांनी, मारेकऱ्याला ऑनलाइन काडतुसं विकणाऱ्यांवर दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला. वर हुकूम दिला, की विक्रेत्यांच्या वकिलांचा खर्च तुम्हीच भरा. २ लाख डॉलरहून जास्त! हे मला आजही पटत नाही.

खर्चाचा हुकूम आला कोलोरॅडोच्या स्वतःच्या कायद्यामुळे. ते कलम राज्याने २०२३ मध्ये काढलं. पण दावा अडवणारा मोठा कायदा देशभर लागू आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली. बंदूक नीट चालली आणि तिसऱ्याच कोणी तिने गुन्हा केला, तर बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर भरपाईचा दावा नाही. १९९८ पासून न्यू ऑर्लिन्स, शिकागो अशी शहरंच दावे लावत होती. निव्वळ वकिलांच्या फीनेच आम्ही बुडू, असं कंपन्यांचं म्हणणं होतं.

पण 'पूर्ण माफी' म्हणतात, तसं नाही. बंदुकीतच दोष असेल किंवा विक्रीचा कायदा जाणूनबुजून मोडला असेल, तर दावा चालतो. कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. तिथल्या कुटुंबांनी बोट ठेवलं जाहिरातींवर! रायफल लष्करी थाटात विकणं हा अनुचित व्यापार आहे, असा त्यांचा दावा. २०१९ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो चालू दिला. २०२२ मध्ये ती रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. पैशापेक्षा मला मोठी वाटते ती त्या लोकांची चिकाटी. मेक्सिको देशाला मात्र हे जमलं नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांचा अमेरिकी बंदूक कंपन्यांवरचा दावा अडवला.

आता तिकडे राहणाऱ्या आणि घरात पिस्तूल ठेवणाऱ्या आपल्या मंडळींनी नीट ऐका. २००५ च्या त्याच कायद्यानुसार, पिस्तूल कुलूपबंद होतं आणि कुणी न विचारता ते नेऊन गुन्हा केला, तर मालकावर भरपाईचा दावा चालत नाही. म्हणजे हे संरक्षण कुलूप लावणाऱ्यालाच. आणि तेही फक्त भरपाईपुरतं. मिशिगनच्या ऑक्सफर्डमधल्या शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाचे आई आणि वडील, दोघंही २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. शिक्षा झाली, प्रत्येकी १० ते १५ वर्षं.