आधी नदीला दोरी ओढू द्या

मित्रहो, बोलायला सुरुवात करण्याआधी हे मासेमारीचं रीळ जरा निरखून पाहा. मागे एक पाटी, पाटीच्या मधोमध पोलादी पिन आणि त्या पिनेवर बसवलेला चार इंची ड्रम. आत दातेरी चाकं नाहीत. मागे एक छोटी खटकी आहे. ती लावली की ड्रम कटकट वाजत फिरतो आणि काढली की मोकाट सुटतो. मुठीचा एक फेरा म्हणजे ड्रमचा एक फेरा, आणि दर फेऱ्याला गुंडाळली जाते जेमतेम तीस सेंटिमीटर दोरी. यालाच सेंटरपिन म्हणतात. वाहत्या पाण्यात फ्लोट, म्हणजे दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा, सोडून मासे धरायचे असतील तर याहून चांगलं साधन मला आजवर मिळालेलं नाही, म्हणून आज याच्यावर बोलायचं ठरवलं.

याचं माहेर इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम आणि तिथली ट्रेंट नदी. एकोणिसाव्या शतकात तिथले लोक अक्रोडाच्या लाकडाची रिळं वापरत. लाकूड भिजलं की फुगतं, वाकतं, म्हणून मागच्या पाटीवर पितळेची फुली ठोकलेली असे. त्यावर रेशमाची बारीक दोरी गुंडाळायची आणि प्रवाहाबरोबर फ्लोट लांबवर जाऊ द्यायचा, ही तिथली पद्धत. पुढे 1890च्या दशकात नॉटिंगहॅमच्याच हेन्री कॉक्सन यांनी ड्रमचं लाकूडच काढून टाकलं आणि सायकलच्या चाकासारखे तारेचे आरे बसवले. रेडिच या सुयांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातल्या ऑलकॉक कंपनीने हे रीळ ‘एरियल’ या नावाने बाजारात आणलं.

या आऱ्यांचं महत्त्व कळायला एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जुनं रीळ हातात आलं की बहुतेक जण ड्रमला टिचकी मारतात आणि तो किती वेळ फिरतो ते मोजतात. बराच वेळ फिरला की रीळ उत्तम, असा समज. मला ही परीक्षा पटत नाही. जड ड्रम एकदा फिरायला लागला की स्वतःच्या वजनानेच फिरत राहतो. नदीत मात्र तुमचा फ्लोट त्याला टिचकी मारणार नसतो. दोन-तीन ग्रॅमचा फ्लोट मंद प्रवाहात जेवढं ओढेल, तेवढ्या ओढीने ड्रम जागचा हलला पाहिजे. म्हणून तो हलक्यात हलक्या ओढीने सुरू होतो का, हे बघा. आरे लावल्यामुळे ड्रमचं वजन घटलं आणि नेमकं हेच साधलं. घरी तपासायचं असेल तर दोरीच्या टोकाला तोच फ्लोट बांधून सोडा. ड्रम न अडखळता दोरी देत राहिला, तर रीळ कामाचं.

आता नदीवर येऊ. शिकवताना पहिल्याच दिवशी लोक फेक शिकवतात, ते मला चुकीचं वाटतं. आधी काठावर उभं राहून फ्लोट पायाजवळच्या पाण्यात सोडा आणि नदीला दोरी ओढू द्या. काठी लांब हवी, बारा-तेरा फुटांची, म्हणजे दोरी पाण्यावर लोळणार नाही. अंगठा ड्रमच्या कडेवर ठेवायचा. मात्र दाबायचा नाही, टेकवायचा. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावतं, कारण तळाचे दगडगोटे खालच्या थराला अडवतात. फ्लोट वरच्या पाण्याच्या वेगाने गेला तर तळाशी असलेलं आमिष त्याच्यामागे फरफटत जातं, आणि मासा असल्या घासाकडे फिरकतही नाही. अंगठ्याने ड्रम किंचित रोखला की फ्लोट मंदावतो, आमिष पुढे होतं आणि तळाच्या पाण्याच्या चालीने चालू लागतं. क्षणभर पूर्ण थांबवलात तर ते तळावरून अलगद वर उचललं जातं. कितीतरी वेळा मासा त्याच क्षणी घेतो. हे सगळं अंगठ्याच्या कातडीला कळतं. दुसऱ्या कुठल्याही रिळात नदी आणि बोट इतकी जवळ येत नाहीत.

वारा मात्र सांभाळा. प्रवाहाच्या उलट दिशेने येणारा हलका वारा चालतो, उलट फ्लोट रोखायला त्याची मदतच होते. पाठून, प्रवाहाच्या दिशेने वाहणारा वारा दोरीचा झोल फ्लोटच्या पुढे नेतो आणि सगळा ताबा सुटतो. अशा दिवशी दुसरं रीळ लावावं.

ही चाल हातात बसली की मग फेक. सर्वांत सोपी फेक म्हणजे कड्यांमधून दोरी ओढून घेणं. काठीवरच्या दोन कड्यांमध्ये डाव्या हाताच्या बोटाने दोरी खाली ओढली की एक फास तयार होतो. असे दोन-तीन फास बोटांत धरायचे, काठी संथ झोक्याने पुढे न्यायची आणि झोक्याच्या शेवटी फास सोडून द्यायचे. पाच-सात मीटरपर्यंत याने उत्तम जमतं, ड्रमला हातही लावावा लागत नाही. लहान नद्यांवर मला याहून जास्त क्वचितच लागतं.

दुसरी फेक ड्रम स्थिर ठेवून दोरी त्याच्या कडेवरून बाजूला ओढून सोडण्याची. सोपी आहे, पण मला ती आवडत नाही. कडेवरून सुटणाऱ्या प्रत्येक वेटोळ्याबरोबर दोरीला एक पीळ बसतो, आणि परत गुंडाळताना दोरी सरळ येत असल्यामुळे तो निघत नाही. वीस मीटरच्या एका फेकीत साठेक पीळ होतात. तासाभरात काय होत असेल, याचा हिशेब करा.

तिसरी खरी विद्या. नॉटिंगहॅमचे नामांकित मासेमार एफ. डब्ल्यू. के. वॉलिस यांच्या नावाने ती ओळखली जाते. हिच्यात ड्रम फिरतो, आणि जोखीम त्यातच आहे. वीस मीटरची फेक म्हणजे दोन-एक सेकंदांत ड्रमचे साठाहून अधिक फेरे. फ्लोट हवेत हळूहळू मंदावत जातो, पण ड्रमला ते ठाऊक नसतं. तो दोरी देतच राहतो आणि पाहता पाहता गुंता होतो. आणि सुरुवातीला याच्या उलट अडचण: झोका जोरात गेला पण ड्रम अजून जागचा हललेला नाही, म्हणजे हिसका बसतो आणि आमिष उडून जातं.

वॉलिस फेकीत या दोन्हींवर उपाय आहे. उजव्या हातात काठी, अंगठा ड्रमच्या कडेवर. डाव्या हाताच्या बोटाने रीळ आणि पहिली कडी यांच्यामधली दोरी पकडा. फ्लोट काठीच्या टोकापासून काठीच्या निम्म्याहून थोडा अधिक खाली लोंबता ठेवा. काठी बाजूने पुढे झुलवताना अंगठा उचला आणि त्याच वेळी डावा हात बाहेर ओढा. या ओढीने ड्रम फिरायला लागतो, फ्लोटला ते काम करावं लागत नाही. मग फ्लोट दोरी मागायला लागला की डावा हात दोरीबरोबर कडीकडे परत जाऊ द्या. हात आखडता घेऊ नका, ढकलूही नका. फ्लोट नेईल तसा जाऊ द्या. शेवटी फ्लोट पाण्याला टेकण्याच्या किंचित आधी अंगठा पुन्हा कडेवर. त्यामुळे दोरी ताणली जाते आणि फ्लोट, शिसं, गळ एका रेषेत पाण्यावर उतरतात.

मला हे जमायला एक पूर्ण मोसम लागला, कारण मी जोर लावत होतो. झोका निम्म्या जोराने मारायला लागलो आणि अंतर वाढलं. सराव नदीवर करू नका. मैदानात जा, गळ काढून टाका, नुसतं वजन बांधा आणि शंभर वेळा फेका.

दोरीबद्दल थोडं. ड्रम गच्च भरू नका. सत्तर-ऐंशी मीटर पुष्कळ झाले. थर जास्त असले आणि मासा ओढायला लागला की वरचा थर खालच्यात रुततो आणि पुढच्या फेकीत दोरी अडकते. आरेवाल्या जुन्या रिळांत याहूनही मोठा धोका आहे. नायलॉनचा तंगूस ताणून गुंडाळला की आखडतो, आणि थरांवर थर चढले की तो दाब नाजूक आऱ्यांना वाकवू शकतो. जे रीळ रेशमासाठी घडवलं, त्याच्यावर नायलॉन सैल हातानेच गुंडाळावा.

मासा लागल्यावर काय करायचं, हे मी फार सांगत नाही. तिथे अंगठाच ब्रेक, अंगठाच क्लच. धावू द्या, थकला की गुंडाळा. पण मूठ फिरत असताना बोटं तिच्या वाटेत येऊ देऊ नका.

1905 साली आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर ड्रमच्या रिळाचं पेटंट घेतलं, आणि लांब फेकण्याचं काम ते रीळ फारच सहज करू लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सेंटरपिन मागे पडलं, त्याचं हेच मुख्य कारण. तरी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात आणि उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांना मिळणाऱ्या नद्यांवर स्टीलहेड माशासाठी लोक आजही हेच रीळ लावतात, कारण तिथेही फ्लोट प्रवाहाच्या चालीने लांबवर न्यायचा असतो.

जपणुकीची एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. पिनेला जाड ग्रीस लावलं होतं. थंडीच्या सकाळी ते घट्ट झालं आणि ड्रम फ्लोटला जुमानेनाच. आता मी ड्रम काढतो, पिन मऊ कापडाने पुसतो, आतली नळी पुसतो आणि पातळ तेलाचा एकच थेंब सोडतो. पितळ घासून चमकवत नाही. घरी आल्यावर ड्रम आणि पाटी वेगळी करून रात्रभर कोरड्या कापडावर ठेवतो, आणि सकाळी पिनेवर बसवताना तो आपल्याच वजनाने खाली उतरतो का, ते पाहतो.